शंभरातली साठ झाडे

आमच्या पुरंदर तालुक्यातून पुण्याला शिकायला गेलेली मुले-मुली काही कमी नाहीत. कोणी नर्सिंगला आहे, कोणी शेतकी कॉलेजात, कोणी स्पर्धा परीक्षेची पुस्तके उशाशी घेऊन भाड्याच्या खोलीत चौघांत राहतो आहे. त्यांच्या घरच्यांना कोणी विचारले, "पोर काय शिकतं?" तर एका शब्दात उत्तर देता येते. माझ्या आईची मात्र पंचाईत होते. "रेडिओ-टीव्हीवरच्या बातम्यांचं शिकती," असे ती सांगते, आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मग दिसणार कधी?"

दिसण्याचे राहू द्या. तीन वर्षे झाली, अजून मी ऐकायलाच शिकते आहे. हे शिक्षण असते तरी कसे, त्यात मुलीच्या जातीने जावे का, पैका किती लागतो आणि पुढे मिळतो किती, हे आमच्या भावकीतल्या बायका मला सुट्टीत गेले की विचारतात. सगळ्यांना वेगवेगळे सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच काढावे, म्हणून हा खटाटोप.

आमच्या घरात हे वेड आले ते आजोबांच्या रेडिओपासून. मी तो चालू असलेला कधी पाहिला नाही. माळ्यावर धूळ खात पडलेली लाकडी पेटीच मी पाहिली. पण आजीला त्याचे सगळे आठवते. रेडिओ ठेवायला पोस्टातून परवाना काढावा लागे आणि त्याचे दर वर्षी पैसे भरावे लागत. पुण्याचे आकाशवाणी केंद्र १९५३ च्या २ ऑक्टोबरला सुरू झाले, आणि दिवे घाटाच्या अलीकडे असल्यामुळे आम्हाला ते स्वच्छ ऐकू येई. सकाळच्या प्रादेशिक बातम्या लागल्या की आजोबा धारेची चरवी खाली ठेवत. आजीला अजून सुधा नरवणे यांचे नाव आठवते. "ती बाई बोलायला लागली की वाटायचं, आपल्याच वट्यावर बसून सांगती," असे आजी म्हणते. पुढे दूरदर्शन आले. मुंबई केंद्र १९७२ ला सुरू झाले, तेव्हा तिथे बातम्या सांगणाऱ्यांत भक्ती बर्वे होत्या, स्मिता पाटील होत्या. प्रदीप भिडे यांचा आवाज तर आमच्या आण्णांना आजही कुठे ऐकू आला तर हातातले काम थांबते. २०२२ साली ते गेले, त्या दिवशी आण्णा जेवताना एवढेच म्हणाले, "घाई नव्हती त्या माणसाला."

हे वाक्य माझ्या मनात बसले. मी बारावीला होते. आण्णांना म्हटले, मला हे शिकायचे आहे.

आण्णा लगेच काही बोलले नाहीत. आमची सव्वादोन एकर जमीन, त्यात अंजिराची ऐंशी झाडे, बाकी वाटाणा, ज्वारी, थोडे सीताफळ. माझी फी आणि वसतिगृहाचा खर्च निघणार तो मीठ्या बहारातून. अंजिराला दोन बहार. पावसाळ्यात छाटून थंडीत निघतो तो खट्टा, आणि पाऊस संपताना छाटून उन्हाळ्यात निघतो तो मीठा. मीठ्याला गोडी जास्त आणि पैसाही जास्त. आण्णांनी दोन दिवसांनी विचारले, "ह्यात बी. ए. होतं का? म्हंजी नाहीच जमलं, तर बी. एड. तरी करता येईल." होते, असे सांगितल्यावर ते हो म्हणाले. माझ्या मते बापाने विचारायचा तोच बरोबर प्रश्न होता, आणि ज्यांची मुले ह्या वाटेला जाऊ पाहतात त्यांनीही तो विचारावा. पदवी कोणत्याही विषयाची चालते. पुढे खरे शिक्षण पदवीनंतरच आहे. पुण्यात विद्यापीठाचा वृत्तपत्रविद्या विभाग आहे, ज्याला सगळे रानडे इन्स्टिट्यूट म्हणतात, तो १९६४ पासून चालू आहे. अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेचे केंद्र आहे, तिथे मराठी पत्रकारितेची पदविका मिळते. दोन्हीकडे प्रवेशासाठी परीक्षा द्यावी लागते. तोवर मिळेल तिथे हात चालवून घ्यायचा.

माझा हात चालायला लागला तो उच्चारापासून. पहिल्याच आठवड्यात बाईंनी मला एक परिच्छेद वाचायला दिला. त्यात "पाणी", "धरण", "आणेवारी" असे शब्द होते. मी वाचले आणि वर्गात खसखस पिकली. आमच्याकडे सगळे "पानी" पितात, आणि पिऊन जगतातही. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "बोलीची लाज धरू नकोस. पण बातमी चंद्रपूरलाही ऐकतात आणि सावंतवाडीलाही. सगळ्यांना मिळेल असं एक माप ठेवावं लागतं, शेराला शेर." हे माप शिकायला मला सहा महिने लागले. रोज पहाटे वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे. आधी दातांत पेन्सिल धरून, मग पेन्सिल काढून. श्वास छातीतून न घेता पोटातून घ्यायचा. वाक्य संपायच्या आत दम संपला, तर चूक श्वासाची नसते, वाक्य लांब लिहिलेले असते, हेही तेव्हाच कळले. सुट्टीत घरी गेले आणि चुकून "पाणी दे" म्हणाले, तर आजी म्हणाली, "आली बघा रेडिओतली बाई." तेव्हापासून माझ्याकडे दोन उच्चार आहेत, एक कामाचा आणि एक घरचा. दोन्ही धुऊन ठेवते.

कानासाठी लिहायचे म्हणजे काय, ह्यावर मात्र मी तासभर बोलू शकेन. कागदावर वाचणारा माणूस पुन्हा मागे जाऊन वाचतो. रेडिओ ऐकणारी बाई भाकरी थापत असते, तिला मागे जाता येत नाही. म्हणून "उपरोक्त" नाही, "खालीलप्रमाणे" नाही. सगळ्यांत निरुपयोगी शब्द "अनुक्रमे". कांदा, बटाटा, लसूण यांचे भाव अनुक्रमे अमुक, अमुक आणि अमुक असे सांगितले, तर ऐकणाऱ्याला कशाचा भाव कोणता हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. कांदा आणि त्याचा भाव, बटाटा आणि त्याचा भाव, असेच सांगावे लागते. आकडेही तसेच. बारा लाख सत्तेचाळीस हजार तीनशे ऐंशी म्हटले की शेवटी डोक्यात काहीच राहत नाही. साडेबारा लाखांच्या आसपास म्हटले की राहते. पण बियाण्याचा दर, औषधाचे प्रमाण, परीक्षेची तारीख तिथे आसपास चालत नाही, तिथे पुरते सांगायचे आणि दोनदा सांगायचे. घड्याळ लावून वाचले तर माझे एका मिनिटात शंभर-सव्वाशे शब्द होतात. म्हणजे दहा मिनिटांत सगळे जग बसवायचे तर हजार-बाराशे शब्द. आमच्या तलाठ्याच्या एका नोटिशीत ह्याच्या निम्मे असतात!

दुसऱ्या वर्षी मी पुण्यातल्या एका सामुदायिक रेडिओ केंद्रावर जायला लागले. ही केंद्रे काय असतात ते खेड्यात फारसे माहीत नाही, म्हणून सांगते. शिक्षणसंस्थांना अशी छोटी केंद्रे काढायला सरकारने २००२ साली परवानगी दिली, आणि २००४ साली चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे पहिले केंद्र सुरू झाले. पुढे २००६ पासून स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रेही ती चालवू शकतात. म्हसवडला माणदेशी महिलांचे केंद्र आहे, बारामतीला कृषी विज्ञान केंद्राचे आहे. प्रक्षेपणाची ताकद थोडी, दहा-पंधरा किलोमीटरच्या आत ऐकू येते. निम्म्याहून कमी नाही एवढा मजकूर त्याच भागातल्या लोकांचा असावा लागतो, त्यांच्या बोलीत. आणि गंमत अशी, की ह्या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. लावायच्या तर आकाशवाणीच्या बातम्या, जशाच्या तशा. हवामान, रस्ते-वाहतूक, परीक्षांचे निकाल, नोकरीच्या जागा, शेतीची माहिती, जत्रा-उत्सव हे सगळे चालते.

म्हणजे बातमी सांगायला शिकणारी मुलगी जिथे बातमीच चालत नाही तिथे गेली. मैत्रिणी हसल्या. मला मात्र तिथे जे मिळाले ते वर्गात मिळाले नव्हते. पहिला महिना वायरी गुंडाळल्या. वायर कोपरावर गुंडाळली की आतून तुटते, ती हातात सैल वेटोळी करून ठेवायची, हे पहिले ज्ञान. दुसरे, कुठेही बोलणे ध्वनिमुद्रित केले की शेवटी अर्धा मिनिट काहीच न बोलता नुसती तिथली शांतता भरून आणायची. पुढे दोन वाक्ये जोडताना सांधा दिसू नये म्हणून ती लागते. आमच्या रानातली शांतता ऐकली तर तिच्यात किती काय असते! लांबची मोटर, भारद्वाज, शेजारच्या बांधावरचे खोकणे. तिसरे, प्रश्न विचारला की गप्प बसायचे. माणूस एकदा उत्तर देतो, ते लोकांसाठी असते. आपण गप्प राहिलो तर थोड्या वेळाने पुन्हा बोलतो, ते खरे असते.

हे तिसरे ज्ञान मला माझ्याच गावात महागात पडले, ते आता सांगते.

२०२५ च्या मे महिन्यात पाऊस कसा आला ते वाचकांना आठवत असेल. वळीव म्हणता म्हणता थांबलाच नाही. मोसमी पाऊस २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत, इतका लवकर. आमचा बहार बहुतेक उतरून गेला होता. शेजारच्या तात्यांनी मात्र छाटणी उशिरा घेतलेली, त्यांच्या शंभर झाडांवर निम्म्याहून अधिक फळ लटकलेले. अंजीर पिकताना पाणी लागले की फुटते, आंबते, आणि चांगले फळसुद्धा तोडल्यावर दोन दिवसांत खपवावे लागते. मी सुट्टीवर होते. केंद्रावर "फळ कुठून येते" असा शहरातल्या खाणाऱ्यांसाठी कार्यक्रम चालू होता, त्यात अंजिराचा भाग माझ्याकडे होता. यंत्र घेऊन मी तात्यांच्या बांधावर गेले.

तात्या म्हणाले, "सगळं गेलं. लिव्ह, सगळं गेलं."

मी गप्प बसले. तात्या पुन्हा म्हणाले, "खालच्या तुकड्यातलं तर पार गेलं." म्हणजे वरच्या तुकड्यातले? काकूंनी डोक्यावरचा पदर सावरला आणि म्हणाल्या, "चल, दाखवते." ओढ्याकाठच्या काळ्या जमिनीत साठ झाडे, पाणी पोटरीपर्यंत उभे, खाली फुटलेल्या फळांचा खच आणि आंबूस वास. वर मुरमाड माळावर चाळीस झाडे. तिथे पाणी थांबले नव्हते. फळ डागाळले होते, पण काकू आणि त्यांची सून पहाटे उठून तोडत होत्या आणि ते जात होते, कमी भावाने का होईना. काकूंच्या हातांना चिकाने फोड आले होते. मी झाडे मोजली. दोनदा मोजली.

त्याच दुपारी एका वाहिनीची गाडी आली. त्यांनी खालचा तुकडा पाहिला. काकूंना पदरात सडकी अंजिरे घेऊन उभे राहायला सांगितले. एकदा झाल्यावर "मावशी, जरा पुन्हा, तोंड इकडं करून," असे सांगून पुन्हा उभे केले. वरच्या माळावर कोणी गेले नाही. गाडी वीस मिनिटांत गेली आणि संध्याकाळी शंभर टक्के नुकसानीची बातमी लागली. गावाला बरे वाटले, हे मी मान्य करते. आपले कोणी तरी दाखवले, ह्याचेही समाधान असते.

मी माझ्या कार्यक्रमात शंभरातली साठ झाडे असे सांगितले, आणि वरच्या चाळीस झाडांचे फळ अजून निघते आहे हेही सांगितले. काकूंचा आवाज तसाच ठेवला, चिकाचे सांगताना त्या थांबल्या तिथे मीही थांबू दिले. आमच्या केंद्राचा आवाज काही दिवे घाट ओलांडत नाही. पण मोबाइल ओलांडतो. दोन दिवसांत ते ध्वनिमुद्रण गावाच्या व्हॉट्सॲप गटावर आले.

तात्या आमच्या ओसरीवर आले. बसले नाहीत. "टीव्हीवाला म्हनतो शंभर, तू म्हनतीस साठ. सरकार कुनाचं ऐकंल? तू पुन्याची झालीस का गं?"

आण्णा मान खाली घालून सुतळी वळत होते. मी तात्यांना सांगितले, की सरकार टीव्हीचेही ऐकत नाही आणि माझेही ऐकत नाही. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक येऊन पंचनामा करतात, तोच कागद धरतात. आणि मदतीला पात्र व्हायला शंभर टक्के जायला लागत नाही. पूर्वी निम्मे पीक जावे लागे. २०१५ पासून ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान झाले की चालते. तुमची साठ झाडे म्हणजे त्याच्या जवळजवळ दुप्पट. उलट शंभर लिहिले आणि तलाठी वरच्या माळावर गेला, तर साठाचाही विश्वास जाईल.

तात्यांनी ऐकले, पण पटले असे दिसले नाही. जाताना म्हणाले, "कायद्याचं बोलू नगं मला."

दुसरी बाजूही होती आणि ती कमी तिखट नव्हती. वरच्या आळीतले एक बागायतदार, त्यांचीही थोडी फळे शिल्लक होती, ते म्हणाले, "तू साठ तरी कशाला सांगितलीस? अंजीर सडलं असं पुण्यात ऐकलं की चांगल्या मालालाही गिऱ्हाईक हात लावत नाही." त्या आठवड्यात भाव पडलाच होता. तो पावसाने पडला, टीव्हीने पडला की माझ्या साठ झाडांनी, हे कोण सांगणार? एकाच्या मते मी कमी सांगितले होते आणि दुसऱ्याच्या मते जास्त. परक्या गावात हे झाले असते तर दुसऱ्या दिवशी एस. टी. पकडून मोकळी झाले असते. इथे पाण्याची पाळी तात्यांच्या नंतर आमची असते.

ह्या धंद्याची ही बाजू कोणत्याही वर्गात शिकवत नाहीत. शिकवता येईल असेही मला वाटत नाही. वर्गात म्हणतात, बातमीदाराने कोणाचेच नसावे. शेतकऱ्याच्या घरातली पोर कोणाचीच नाही असे कसे होईल? मी त्या दिवशी तात्यांचीच होते, म्हणून तर दोनदा मोजले.

पंचनामा झाला. तात्या आमच्याशी दसऱ्यापर्यंत बोलले नाहीत. सोने द्यायला मात्र आले, आधी आण्णांना दिले, मग मला. काकू त्यानंतर आईला म्हणाल्या, "पोरीनं माझा आवाज कापला न्हाई." ध्वनिमुद्रण त्यांनी जपून ठेवले आहे, पाहुणे आले की ऐकवतात.

आता पैशाचे, कारण ते सांगितल्याशिवाय हे लिहिणे अर्धे राहील. सामुदायिक केंद्रावर मला जाण्यायेण्याचा खर्च मिळे, तोही कधी कधी. एका वाहिनीत दोन महिने उमेदवारी केली, तिथे अनुभव हाच मोबदला असे सांगितले गेले. तो खर्च मात्र आण्णांनी दिला. जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या बातमीदारांना पुष्कळदा पगार नसतो, बातमीमागे पैसे मिळतात. म्हणजे आमच्यासारखेच, माल गेला तर पैसा. आकाशवाणीवर नैमित्तिक निवेदक म्हणून काम मिळवायचे तर लेखी परीक्षा आणि मग आवाजाची चाचणी द्यावी लागते. तिथेही रोजची नोकरी नाही, जेवढ्या पाळ्या मिळतील तेवढे मानधन. पहाटेच्या पाळीला रात्रीच निघावे लागते, म्हणून राहायची सोय केंद्राच्या जवळ पाहिजे. आयांनी हे आधी विचारून घ्यावे, लाजू नये. झटपट नाव होईल, पडद्यावर दिसेल अशा आशेने मुलीला पाठवू नका. तिला लोकांच्या गोष्टी ऐकायची हौस असेल, आणि दुसऱ्या दिवशी ती तशीच्या तशी सांगत असेल, तर मात्र अडवू नका.

माझी पदवीची शेवटची परीक्षा झाली की मी प्रवेश परीक्षेला बसणार आहे. अर्जाची फी भरायची आहे. परवा आण्णांना फोन केला तर ते बागेतच होते. म्हणाले, "वरच्या माळाला तात्या नवी रोपं लावतोय, खाली नको म्हणतोय. आपणबी दहा लावावीत का, ते इचारत होता." फीचे विचारले तर म्हणाले, "पाटी गेली की पाठवतो."